मोटरमनला लर्निंग रोड, शिक्षकाला थेट चौथी ब

राज्याच्या शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून निवड होऊन मुंबईत आलेल्या तरुण शिक्षकांबद्दल हल्ली एक वाद सारखा कानावर येतो. एका बाजूचं म्हणणं असं की ही पोरं बीड, लातूर, नंदुरबारहून येतात, गोवंडी-मानखुर्दच्या शाळेत रुजू होतात आणि पहिल्या महिन्यापासून बदलीच्या मागे लागतात. यांना नोकरी हवी, मुलं नकोत. दुसरी बाजू तितक्याच तावातावाने सांगते की शिक्षकांचा काही दोषच नाही. मानधन तुटपुंजं, डोक्यावर मतदारयाद्यांचं (बीएलओचं) काम, वर ऑनलाइन माहिती भरण्याचा रतीब, मग शिकवायचं कधी? दोघांच्याही तक्रारी खऱ्या आहेत. पण ज्या खोलीत हे सगळं घडतं, तिथे दोघांपैकी कुणीच डोकावत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शहरातल्या सगळ्यात अवघड वस्तीतला सगळ्यात अवघड वर्ग सगळ्यात नवख्या माणसाच्या हाती द्यायचा आणि बाहेरून दार ओढून घ्यायचं, ही आपली रीतच चुकीची आहे. ती बदलली नाही तर पगारवाढ, पात्रता परीक्षा, बदलीबंदी यांतल्या कशानेही गोवंडीच्या मुलाला वाचता येणार नाही.

मुंबईकराला पटेल असं एक उदाहरण घेते. हार्बर लाइनवर लोकल चालवायला देण्याआधी रेल्वे मोटरमनकडून त्या मार्गाचा ‘लर्निंग रोड’ करून घेते. त्याने आधी दुसरीकडे कितीही वर्षं गाडी चालवलेली असो, या मार्गावर जाणत्या मोटरमनच्या शेजारी उभं राहून ठरावीक फेऱ्या माराव्याच लागतात, दिवसाही आणि रात्रीही. कुठला सिग्नल वळणाआड लपतो, कुठे चढ लागतो, कुठे माणसं रूळ ओलांडतात, हे सगळं डोळ्याखालून गेल्यावर तो लेखी सही करतो की या सेक्शनची मला माहिती आहे. त्यानंतर गाडी त्याच्या एकट्याच्या ताब्यात. यात कुणाला मोटरमनचा अपमान वाटत नाही, किंवा ‘खरा मोटरमन असेल तर आपोआप शिकेल’ असंही कुणी म्हणत नाही. आता त्याच गाडीतून गोवंडीला उतरून शाळेत निघालेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी बघा. तीही एक सही करते. ‘आज रोजी मध्यान्हपूर्व कर्तव्यावर हजर झाले.’ मुख्याध्यापक रुजू अहवालावर शिक्का मारतात, हजेरीपट हातात देतात आणि सांगतात, ‘बाई, चौथी ब. दुसरा मजला.’

तिचा हा सेक्शन आहे तरी कसा? मुंबईचा एम पूर्व विभाग. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांमध्ये हा विभाग तळाला होता. इथलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं. 2016 च्या जानेवारीत त्याला आग लागली तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. शिवाजीनगर, बैंगनवाडी, चिता कॅम्प या जुन्या वस्त्या, आणि रेल्वेरुळांच्या कडेची घरं उठवून आणलेल्या माणसांचं लल्लूभाई कंपाउंड. भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा असतो, म्हणून मूल या वर्षी या गल्लीत आणि पुढच्या वर्षी नाल्याच्या पलीकडे. होळीला गावी गेलेलं कुटुंब कधी परतेल याचा नेम नाही, तोवर हजेरीपटावर लाल रेघ. महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते ही अभिमानाचीच गोष्ट आहे, पण माध्यम म्हणजे घरची भाषा नव्हे. मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी भोजपुरी बोलणारं, दखनी बोलणारं, कानडी बोलणारं मूल बसलेलं असतं, आणि मराठवाड्यातून आलेलं मूल घरच्या बोलीत काही बोललं तर बाकीचे फिदीफिदी हसतात. जागा अपुरी म्हणून शाळा दोन पाळ्यांत. सकाळची पाळी सुटते तेव्हा दुपारची मुलं जिन्यात उभीच असतात. फळ्यावरचं पुसायलाही सवड मिळत नाही, आणि थांबून एखाद्या मुलाशी दोन मिनिटं बोलावं म्हटलं तर बोलायचं कुठे, हा प्रश्न.

मी स्वतः याच पट्ट्यातल्या एका शाळेत शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर, लागले ते शिक्षण हक्क कायदा नुकताच लागू झाला होता तेव्हा. माझ्या वर्गाचा पट होता 58. कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, ते असो. डी.एड.ला मी पाठ टाचणात पहिली आलेली. हेतू, प्रस्तावना, विषय विवेचन, फलकलेखन, मूल्यमापन, सगळं मिनिटांच्या हिशेबात बसवलेलं. सराव पाठ घेतले ते गावाकडच्या शाळेत. तिथे वर्गात वीसेक मुलं, मागे अध्यापिका निरीक्षण वही घेऊन बसलेल्या, आणि पाहुणी बाई आली म्हणून मुलं मुळातच गप्प. मुंबईत पहिल्या आठवड्यात मी चौथीच्या पुस्तकातला पहिला धडा काढला आणि चौथ्या दिवशी लक्षात आलं की वर्गातल्या पंधरा-सोळा जणांनाच तो वाचता येतोय. वीसेक मुलं अक्षराला अक्षर जोडत कशीबशी शब्दापर्यंत पोचत होती. दहा-बाराजणांना मुळाक्षरंच येत होती. उरलेली फळ्यावरचं चित्रासारखं उतरवून घेत होती, तेही सुंदर अक्षरात, म्हणून वही तपासताना कळतही नव्हतं. एक मुलगा तर दहा वर्षांचा होईपर्यंत शाळेतच गेला नव्हता. कायद्याने त्याला वयानुरूप वर्गात बसवलं. हे योग्यच होतं. त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये अशा मुलाला विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ते विशेष प्रशिक्षण कोण देणार होतं? मीच. केव्हा? ‘मधल्या वेळेत बघा जमतंय का, बाई.’

शिस्तीचा प्रश्न याहून बिकट. कायद्याच्या कलम 17 ने छडी काढून घेतली, फार चांगलं केलं. लहानपणी मीही खाल्ली आहे, आणि तिने मला गणित आलं नाही हे मी शपथेवर सांगू शकते. पण छडी काढून घेताना बदल्यात हातात काय दिलं? मधल्या सुट्टीनंतर 58 मुलं खिचडी खाऊन, जिन्यात ढकलाढकली करून, कुणी रडत कुणी रडवत वर येतात. त्यांना पुन्हा जाग्यावर आणण्याची दहा मिनिटं हे एक कसब आहे. आवाज कधी चढवायचा, कधी मुद्दाम खाली आणायचा, कुणाला खडू आणायला पाठवायचं, कुणाकडे बघायचंच नाही. पहाटे आईबरोबर भंगार निवडून आलेला मुलगा बाकावर डोकं टेकतो तेव्हा त्याला उठवायचं की झोपू द्यायचं? हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? जुन्या बाईंना हे सगळं येतं. पण त्या शेजारच्या वर्गात असतात, मध्ये भिंत असते, आणि त्यांच्यापुढेही पन्नास मुलं असतात. मग नवी बाई काय करते? ओरडते. दिवाळीपर्यंत घसा जातो. दिवाळीनंतर काहीजणी गुपचूप पट्टी वापरू लागतात आणि काहीजणी मुलांना फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावतात, कारण लिहिताना मुलं शांत असतात. या दोन्ही वाटा मी वाईट शिक्षकांच्या म्हणून पाहिलेल्या नाहीत. चांगल्या पण एकट्या पडलेल्या शिक्षकांच्या म्हणून पाहिल्या आहेत.

आपण दारात मात्र चाळण्या लावून बसलो आहोत. आधी डी.एड., मग 2013 पासूनची शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी, मग 2017 पासूनची अभियोग्यता चाचणी. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही टीईटी उत्तीर्ण व्हायला हवं. त्यावरून राज्यभर खल झाला. त्याआधीचे काही महिने पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर सगळा महाराष्ट्र भांडला, आणि अखेर 29 जून 2025 ला सरकारने ते निर्णय मागे घेतले. ते भांडण रास्तच होतं. पण कोण शिकवायला पात्र आणि काय शिकवायचं यावर एवढा कंठशोष करणाऱ्या राज्यात, पात्र ठरलेली व्यक्ती वर्गात शिरल्यावर पुढचे शंभर दिवस तिचं काय होतं, यावर कधी एक मोर्चा निघाला? विधिमंडळात एखादी तरी लक्षवेधी सूचना? परीक्षा माणूस निवडते, घडवत नाही. टीईटीत बालमानसशास्त्राच्या प्रश्नाला अचूक पर्याय निवडणाऱ्या मुलीला बाकावर झोपलेल्या मुलाचं काय करायचं हे कळेलच, असं समजणारे लोक एक तर परीक्षा घेणारे असतात किंवा वर्गात कधी न गेलेले.

आता विरोधी मुद्दे. सगळ्यात भक्कम मुद्दा पैशाचा. राज्यात 2000 पासून शिक्षणसेवक योजना आहे : पहिली तीन वर्षं मानधन, मग वेतनश्रेणी. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला कित्येक वर्षं महिना 6000 रुपये मिळत होते, 2023 पासून 16000 झाले. सोळा हजारांत गोवंडीजवळ खोली घेऊन गावी पैसे पाठवायचे हे जमणारं गणित नाही. म्हणून नवा शिक्षक बदलापूरला नाही तर पनवेलच्या पलीकडे चौघांत खोली घेऊन राहतो आणि सकाळच्या पाळीसाठी पहाटेची गाडी पकडतो. हा अन्याय आहे, आणि तो दूर व्हायलाच हवा. पण तेवढ्याने भागेल का? तीन वर्षं संपून पूर्ण वेतन सुरू झालेल्या, हप्त्यावर घर घेतलेल्या शिक्षकांनाही मी त्याच फळ्यावरून उतरवून घेण्याच्या वाटेवर पाहिलं आहे, कारण ती वाट त्यांनी पहिल्या वर्षी धरली आणि नंतर त्यांना कुणी हटकलंच नाही. पैसा माणसाला टिकवून धरतो. टिकलेला माणूस वर्गात काय करतो, हे पैशाने ठरत नाही.

अशैक्षणिक कामांचंही तेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढाच अपवाद ठेवला, आणि त्या अपवादाच्या फटीतून काय काय आत शिरलं ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. नव्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून याद्या, सर्वेक्षणं, आधार जुळवणी हे सगळं त्याच्याच गळ्यात. मान्य. पण एक क्षण समजा की उद्या ही सगळी कामं गेली. मग नवी बाई सकाळपासून सुटेपर्यंत पूर्ण वेळ चौथी ब मध्ये असेल. म्हणजे जे तिला येत नाही, ते ती आता अधिक तास करेल.

तिसरा मुद्दा भावनेचा आहे, आणि महाराष्ट्रात तो फार चालतो. ज्याच्यात तळमळ आहे तो कुठेही शिकवतो. सावित्रीबाईंवर शेण फेकलं तरी त्या शाळेत गेल्या, तुम्हाला बाकं मोडकी आहेत म्हणून शिकवता येत नाही? शिक्षक दिनाच्या भाषणात हे वाक्य ऐकलं नाही असं वर्ष मला आठवत नाही. सावित्रीबाईंच्या धैर्याबद्दल दुमत असण्याचं कारणच नाही. पण भाषण करणारे गोष्टीचा अर्धा भाग सांगतात. भिडेवाड्यात 1848 मध्ये शाळा सुरू झाली तिच्यामागे जोतीरावांनी घरात करून घेतलेली तयारी होती. नगरला मिस फरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे सावित्रीबाईंनी अध्यापनाचं रीतसर शिक्षण घेतल्याचं त्यांचे चरित्रकार सांगतात. आणि त्या एकट्या नव्हत्या. आजारपणात माहेरी नायगावला गेलेल्या सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतीरावांना लिहिलेलं पत्र वाचा. आपण तिथे नसल्याने सहकारी शिक्षिका फातिमाला किती त्रास पडत असेल, याची त्यात काळजी आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी, शेण अंगावर झेलत चाललेल्या त्या कामातही एक बाई आजारी पडली तर भार उचलायला दुसरी होती, आणि पहिलीला दुसरीच्या भाराची जाणीव होती. आज आमच्या शाळेत एक बाई रजेवर गेली तर तिचा वर्ग दोन वर्गांत वाटून देतात. धैर्याचा वारसा सांगायचा तर सोबतीचाही सांगा की!

जोतीरावांचं स्वतःचं म्हणणं तर याहून स्पष्ट आहे. 1882 मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी मागितलं की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस रुपये असावा. याच निवेदनात शिक्षक ज्या मुलांना शिकवणार त्यांच्या समाजात मिसळणारा, त्यांच्या गरजा समजणारा असावा, असाही आग्रह आहे. प्रशिक्षण, पगार आणि वस्तीची ओळख, या तिन्ही गोष्टी त्यांनी एका श्वासात मागितल्या. आजच्या वादात एक पक्ष त्यातला पगार उचलतो, दुसरा पक्ष वस्तीशी बांधिलकी उचलतो, आणि मधलं प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांची ऑनलाइन कार्यशाळा आणि शेवटी डाउनलोड करायचं प्रमाणपत्र.

मग कुणीतरी टीच फॉर इंडिया या संस्थेचं नाव काढतं. 2009 पासून मुंबई-पुण्याच्या अशाच शाळांत तिची महाविद्यालयातून नुकती बाहेर पडलेली मुलं दोन वर्षं शिकवून जातात, त्यांना कसं जमतं? त्यांच्याबद्दल माझं मत पूर्ण चांगलं नाही. दोन वर्षांनी मुलांचा लाडका दादा किंवा ताई निघून जाते, हे वारंवार घडणं मुलांना सोपं जात नाही. पण हे उदाहरण देणाऱ्यांनी त्या मुलांच्या मागे काय असतं तेही बघावं. वर्गात जाण्याआधी काही आठवड्यांचं निवासी प्रशिक्षण, आणि वर्गात गेल्यावर येऊन पाहणारा, नंतर बसून बोलणारा माणूस. तरुण उत्साहाचं प्रतीक म्हणून ज्यांना मिरवलं जातं, त्यांनाही कुणी नुसत्या उत्साहावर सोडलेलं नाही. मग कायमच्या शिक्षकालाच ते का नसावं?

ज्येष्ठतेचा मुद्दा खरा नाजूक आहे. नवख्यांना अवघड शाळा देऊ नका म्हटलं की पुढचा प्रश्न येतो : मग कुणाला द्यायच्या? वीस वर्षं हार्बर लाइनचे धक्के खाऊन पन्नाशीत घराजवळची शाळा मिळवलेल्या बाईंना परत मानखुर्दला पाठवायचं? ज्येष्ठतेची यादी हेच साध्या शिक्षकाचं वशिल्यापासूनचं संरक्षण आहे, असं संघटना म्हणतात तेव्हा त्यांचं बरोबर असतं. बदल्यांत खुर्चीवरच्या माणसाची मर्जी चालते तिथे काय होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून सक्तीच्या बदल्यांची मागणी मी करत नाही. माझं म्हणणं एवढंच की अवघड शाळेतही दोन-तीन मुरलेल्या बाई-सर असतातच, स्वखुशीने राहिलेले. त्यांच्या दिवसातले दोन तास नव्या माणसाच्या वर्गासाठी मोकळे करा. नव्या माणसाला पहिल्या वर्षी चौथी ब देऊ नका, जिथे पट कमी आणि मुलं त्यातल्या त्यात रुळलेली आहेत असा वर्ग द्या. शाळेच्या आत वर्ग कुणाला द्यायचा यासाठी मंत्रालयातून आदेश लागत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी उलट होतं. ज्येष्ठ बाई पहिली पसंती सांगतात, नको असलेला वर्ग उरतो आणि तो नव्याला मिळतो. गावाकडे नव्या सुनेच्या वाट्याला पाणी भरणं येतं, तसंच.

दोन तास मोकळे करायला माणसं आहेत कुठे, हा आक्षेप हिशेबाचा आहे आणि त्याला हिशेबानेच उत्तर द्यायला हवं. 2011 च्या ऑक्टोबरात शाळांचा पट खरा आहे का याची पटपडताळणी झाली, त्यानंतर भरती थांबली ती वर्षानुवर्षं, आणि त्याची भोकं अजून बुजलेली नाहीत. पण 2023 मध्ये राज्य सरकारनेच जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना 20000 रुपयांवर तात्पुरतं घेण्याचा मार्ग काढला होता. डी.एड. झालेले तरुण बेकार असताना निवृत्तांना का, म्हणून त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. निवृत्त शिक्षक रिकाम्या खुर्चीत बसवायचा नसतो, त्याची जागा नव्या शिक्षकाच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर आहे. इंग्लंडमध्ये 2021 पासून नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी 10 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 5 टक्के तास कमी दिले जातात, सोबत नेमून दिलेला मार्गदर्शक असतो. जपानने 1989 मध्ये प्राथमिकपासून सुरुवात करून नव्या शिक्षकाला पहिलं वर्षभर प्रशिक्षण सक्तीचं केलं. हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत असं कुणी म्हणेल. इंग्लंडात एवढं करूनही शिक्षक नोकऱ्या सोडतातच, हेही खरं. पण आपली रीत काय स्वस्त पडते? एक शिक्षक तीन वर्षं उमेदवारीत चाचपडतो, चौथ्या वर्षी बदली मिळवून जातो, त्याच्या जागी पुन्हा नवा. याचा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली दिसत नाही एवढंच. तो 58 मुलांच्या नावावर पडतो. पहिलीत नवी बाई, दुसरीत नवे सर, तिसरीत वर्ग वाटून दिलेला, चौथीत पुन्हा नवी बाई. त्या मुलाच्या वाट्याला चार वर्षांत अनुभवी शिक्षकाचं एकही पूर्ण वर्ष आलेलं नसतं.

या सगळ्यात मला स्वतःला भीती वाटते ती एका गोष्टीची. उद्या हे कुणी मनावर घेतलंच, तर मार्गदर्शनाचंही परिपत्रक निघेल. मार्गदर्शकाने महिन्यात किती भेटी दिल्या त्याचा तक्ता, वर्गातला जिओटॅग केलेला फोटो, लिंक भरण्याची अंतिम तारीख. नवी बाई शेवटच्या बाकावरच्या माणसाला निरीक्षक समजेल आणि त्या दिवसापुरता पाठ घोकून घेईल. ही भीती काल्पनिक नाही. इंग्लंडने 1862 मध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने नियम केला की निरीक्षकापुढे मुलांनी वाचन, लेखन, गणित करून दाखवायचं, आणि त्यावर शाळेचं अनुदान ठरायचं. शिक्षकांनी काय केलं? मुलांकडून ठरलेलं पुस्तक पाठ करून घेतलं. पुस्तक उलटं धरलं तरी मूल घडाघडा म्हणेल, अशी गत. मॅथ्यू अर्नल्ड हे स्वतः शाळा निरीक्षक होते, तरी त्यांनी या पद्धतीवर उघड टीका केली. ती पद्धत पूर्ण जायला त्या शतकाची अखेर उजाडली. म्हणून माझी एक अट आहे, आणि तिच्याशिवाय बाकी सगळं नको : शेजारी बसणाऱ्या माणसाने वर काहीही कळवायचं नाही. त्याची वही नव्या शिक्षकाची, मुख्याध्यापकांची नाही, विभाग निरीक्षकांची नाही. गोपनीय अहवालात तिचा एक शब्द जायला नको. लर्निंग रोड करणाऱ्याला शेजारचा मोटरमन सिग्नल दाखवतो, तो त्या वेळी त्याची परीक्षा घेत नसतो.

हे जमतं, हे मला कसं माहीत? माझ्या दुसऱ्या वर्षी आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई दिवाळीनंतर एक दिवस सहज आल्या. त्यांना घरी करमत नव्हतं. मी घसा बसलेल्या आवाजात मुलांवर ओरडत होते. त्या काही न बोलता शेवटच्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. असे अकरा दिवस. ना कुणाचा आदेश, ना भत्ता. मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा खाताना त्या मला एक लहान वही सरकवायच्या. तिच्यात उपदेश नसायचा. कुठली मुलगी मैत्रिणीच्या वहीत बघून लिहिते, कुठल्या मुलाला लांबचं दिसत नाही म्हणून तो डोळे बारीक करतो, मी प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबते आणि मग स्वतःच उत्तर देऊन टाकते. बऱ्याचदा शून्य सेकंद. पाचव्या दिवशी त्यांनी मुलांना इयत्तेऐवजी वाचता येण्याप्रमाणे चार गटांत बसवायला लावलं आणि पुस्तक दुपारपर्यंत बंद ठेवायला सांगितलं. मी घाबरले होते, अभ्यासक्रम मागे पडेल म्हणून. ‘तो पुढे होता कधी?’ एवढंच म्हणाल्या.

ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या दिवसाच्या पानावर एकच ओळ आहे : ‘भिंतीकडची रांग, तिसरं बाक. सकाळपासून आज एकदाही तिकडे बघितलं नाहीत.’ दुसऱ्या दिवशी मी बघितलं. तिथे तो उशिरा शाळेत आलेला मुलगा बसला होता, आणि त्याची वही फळ्यावरच्या अक्षरांनी शेवटच्या पानापर्यंत भरलेली होती.